तिथं आडनाव विचारत नाहीत

चळवळीत काम करणाऱ्यांनी कॉम्प्युटर गेमवर कशाला लिहायचं, आणि तेही पोरगी पटवायच्या गेमवर, असं काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील. म्हणू द्या. जुनी सांगवीत दर रविवारी आमचा अभ्यासगट बसतो. सात मुलं, चार मुली. बहुतेक जण चाकण-भोसरीच्या कंपन्यांत कंत्राटावर, दोघी मॉलमध्ये, एकजण स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या वर्षात. आरक्षण, खाजगीकरण, कंत्राटी पद्धत या सगळ्यावर आम्ही तिथं बोललो आहोत. पण बैठक संपल्यावर चहाच्या टपरीवर बाजूला घेऊन जो प्रश्न विचारला जातो तो वेगळाच असतो. "दादा, मुलीशी बोलायचं कसं?" ज्या प्रश्नाने पोरांची झोप उडालेली आहे तो प्रश्न बैठकीत येत नसेल, तर बैठकीतच काहीतरी कमी आहे असं आमचं मत आहे.

म्हणून आम्ही एका रविवारी जुन्या लॅपटॉपवर 'मॅन इनफ' नावाचा गेम लावला. १९९३ साली अमेरिकेतल्या त्सुनामी मीडिया या कंपनीने काढलेला. तेव्हा सीडी-रॉम नवी होती. एका सीडीवर साधारण ६५० एमबी माहिती मावायची, आणि फ्लॉपीच्या जमान्यात ती अफाट वाटायची. कंपन्यांनी चित्रं काढण्याऐवजी खरे नट-नट्या घेऊन शूटिंग केलं आणि त्याचे गेम बनवले. फुल मोशन व्हिडिओ असं भारदस्त नाव. आज बघताना चित्र ढेकळासारखं दिसतं, अभिनय गल्लीतल्या गणपतीसमोरच्या नाटकासारखा. पोरं पोट धरून हसली.

गेमची गोष्ट अशी. तुम्ही पुरुष. एक बाई डेटिंगची एजन्सी चालवते, ती तुम्हाला आवडते. पण तिच्यापर्यंत पोचायचं तर आधी एजन्सीतल्या दुसऱ्या पाच बायकांबरोबर डेट जमवून दाखवायची. पडद्यावरची बाई बोलते, तुमच्यापुढे काही उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. बरोबर निवडलं तर ती हसते. चुकलं तर डेट फिस्कटते आणि पुन्हा पहिल्यापासून.

तासाभरात मुलांनी युक्ती शोधली. एकाने वही काढली आणि कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर चालतं ते लिहून ठेवायला लागला, आयटीआयच्या परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी तसं. बाई काय म्हणतेय ते ऐकणं मग बंदच झालं. मॉलमध्ये काम करणारी मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "दादा, ही बाई थोडीच आहे, हे तर कुलूप आहे. नंबर लागला की उघडणार."

यापेक्षा नेमकी समीक्षा आम्हाला एम.ए.च्या दोन वर्षांत ऐकायला मिळाली नाही. तंत्राचाही मुद्दा यातच आहे. असल्या गेममध्ये बाईची सगळी उत्तरं आधीच शूट करून ठेवलेली असतात. तुम्ही निवड केली की मशीन फक्त त्या तुकड्यावर उडी मारतं. तिचा विचार बदलू शकत नाही, ती तुम्हाला न विचारलेला प्रश्न विचारू शकत नाही, आणि ती स्वतः कुणाला निवडू शकत नाही.

हे जुनं झालं म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. २०१८ साली 'सुपर सिड्यूसर' आला. रिचर्ड ला रुईना हा बायका पटवण्याचे क्लास घेणारा ब्रिटिश माणूस स्वतःच त्यात नायक आहे. रस्त्यात मुलगी दिसली तर काय बोलायचं, याचे पर्याय. उत्तर दिलं की हा गृहस्थ पलंगावर दोन बायका बाजूला घेऊन बसलेला दिसतो आणि तुमचं काय चुकलं ते समजावतो. सोनीने हा गेम आपल्या प्लेस्टेशनवर येऊ दिला नाही. २०२१ मध्ये त्याचा तिसरा भाग स्टीमवाल्यांनीही नाकारला. तरी मुद्दा उरतोच, कारण आमच्या पोरांना गेमची गरजच नाही. नाइट शिफ्टला जाताना कंपनीच्या बसमध्ये ती जी रील्स बघतात त्यात हेच क्लास हिंदीत आणि मराठीत फुकट चालतात. अल्फा व्हा, मेसेजला लगेच उत्तर देऊ नका, तिला वाट बघायला लावा. बाईला कुलूप समजणारी ही शिकवण आणि स्त्रीला ताब्यात ठेवायची वस्तू समजणारी मनुस्मृती, यांच्यातलं अंतर आम्हाला तरी फार दिसत नाही. महाडला १९२७ साली जी जाळली ती पोरांच्या मोबाइलमध्ये वेगळ्या वेषात आली आहे.

पण खरी चर्चा पेटली ती दुसऱ्याच गोष्टीवरून. चाकणला असेंब्ली लाइनवर काम करणारा एकजण म्हणाला, "यात एक पण बाई आडनाव विचारत नाही."

खोली एकदम शांत झाली. कारण प्रत्येकाला तो प्रश्न ठाऊक होता. "पूर्ण नाव काय तुमचं?" आणि आडनाव गायकवाड, जाधव, मोरे असं निघालं की लगेच दुसरा प्रश्न, "गायकवाड म्हणजे कोणते?" मग गाव कोणतं, गावात घर कुठल्या बाजूला, घरात फोटो कुणाचे. आपल्याकडचा डेटिंगचा गेम या प्रश्नावर सुरू होतो आणि बहुतेक वेळा इथंच संपतो. तुम्ही किती हुशारीने बोललात, किती सभ्य वागलात, याला अर्थ राहत नाही. उत्तराचे पर्याय तुमच्या जन्माच्या आधीच कुणीतरी शूट करून ठेवलेले आहेत.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात जातीवर निबंध वाचला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, म्हणजे आमच्या गटातल्या पोरांच्या वयाचे. जातीचा गाभा जातीअंतर्गत विवाहात आहे, हे त्यांनी त्यात मांडलं. जात बंद ठेवायची तर नवरा मेल्यावर उरलेल्या बाईचं काय करायचं, हा जातीपुढचा प्रश्न होता. त्यावर सती आणि सक्तीचं वैधव्य हे उपाय निघाले, आणि बायको मेलेल्या पुरुषासाठी लग्नाच्या वयात न आलेली पोरगी. म्हणजे प्रेम कुणी कुणावर करायचं हा खाजगी प्रश्न कधीच नव्हता. पुढे १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये त्यांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला, आणि त्याच्या आड येणाऱ्या शास्त्रांच्या अधिकारावर घाव घातला. हे आपण भाषणात सांगतो. आणि आज? २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण शंभरात पाचच्या आसपास निघालं.

अमेरिकेतला गेम जातीबद्दल गप्प आहे म्हणून तिथं सगळं मोकळं होतं असंही कुणी समजू नये. गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या लग्नाला बंदी घालणारे कायदे तिथल्या सोळा राज्यांत १९६७ पर्यंत होते. लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मोडले. गेम त्यानंतर फक्त २६ वर्षांनी आला.

गेममध्ये चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून खेळता येतं. आमच्या गटाला हे वाक्य सहज घेता येत नाही. जून २०२० मध्ये, लॉकडाउन नुकतं ढिलं होत असताना, पिंपळे सौदागरला वीस वर्षांच्या बौद्ध तरुणाचा प्रेमप्रकरणाच्या रागातून खून झाला. गुन्हा आमच्याच सांगवी पोलीस ठाण्यात नोंदला गेला. जिथं खून झाला ते ठिकाण आमच्या बैठकीच्या खोलीपासून दुचाकीवर काही मिनिटांवर आहे. त्याआधी २०१४ मध्ये खर्डा, सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा, मुलीशी बोलतो म्हणून. त्या खटल्यात २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. त्याआधी २०१३ च्या जानेवारीत सोनई, तिघे. मराठी माणसांनी २०१६ मध्ये 'सैराट' बघून थिएटरात शिट्ट्या मारल्या, शेवटाला डोळे पुसले, आणि घरी येऊन मुलीचा मोबाइल तपासला.

राज्य सरकारची आंतरजातीय विवाहासाठी ५० हजारांची योजना आहे. चांगली गोष्ट आहे. पण विशेष विवाह कायद्याने नोंदणी करायची तर आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लागते, आणि तीस दिवस थांबावं लागतं. ज्यांच्यापासून जीव वाचवायचा आहे त्यांनाच नाव-पत्ता वाचायला महिनाभर. पन्नास हजार हवेत की हा महिना काढून टाकायला हवा, असं आम्ही गटात विचारलं तेव्हा एकानेही पैशासाठी हात वर केला नाही.

आता थोडं आपल्या घरात बघू. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांचे फॉर्म कधी नीट वाचले आहेत का? धर्म बौद्ध, आणि खाली पोटजातीचा रकाना. सोमवंशी, लाडवण, बावणे. १९५६ ला दीक्षाभूमीवर जे सोडलं ते फॉर्मच्या पाचव्या ओळीत परत येतं. काही ठिकाणी हा रकाना काढलाय, पण आयोजक फोनवर विचारतात. मातंग, चर्मकार समाजातल्या स्थळाचा विषय निघाला की स्टेजवर जातिअंत बोलणारे काका म्हणतात, "आपल्यातच बघा, उगाच भांडणं नकोत." काकांच्या मनातली भीती आम्हाला कळते, पिंपळे सौदागर त्यांनीही पाहिलंय. पण मातंगाच्या घरची मुलगी सून म्हणून आणली तर कोण कुऱ्हाड घेऊन येणार आहे? इथं भीतीचं कारण सांगता येत नाही. इथं फक्त जात उरते.

पुढच्या रविवारी आम्ही गेम बंद ठेवला आणि गटाला दोन-दोनचे कागद दिले. सांगवीतला एक प्रसंग लिहा, तीन पर्याय द्या, फक्त अट ही की बाईलाही पर्याय हवेत. मुलांनी लिहिलेले प्रसंग बहुतेक बसस्टॉपवर सुरू झाले. मुलींचे कुणाचे घरी, कुणाचे मोबाइलवर भाऊ नजर ठेवतोय तिथून. एकीने पर्यायात लिहिलं, 'अजून विचार केलेला नाही, पुढच्या महिन्यात सांगते.' मुलांना तो पर्याय पटेना. मग जिंकलो की हरलो ते कळणार कसं, म्हणाले. त्यावर पाऊण तास वाद झाला.

चाकणवाल्या मुलाच्या कागदावर मुलगी विचारते, "गायकवाड म्हणजे कोणते?" खाली त्याने तीन आकडे टाकले होते. पहिल्या पर्यायात खोटं गाव. दुसऱ्यात विषय बदलणं. तिसऱ्यापुढे त्याने जागा कोरी सोडली होती. कागद परत देताना म्हणाला, "दादा, हे मला तिला खरंच सांगायचंय. या गुरुवारी भेटणार आहे." आम्ही त्याला आमचा आणि एका वकील मैत्रिणीचा नंबर लिहून दिला, आणि कुठं भेटणार आहात ते गटातल्या दोघांना सांगून जा म्हणालो.

गुरुवार अजून यायचा आहे.