साठ हजारांची वसुली

खेळाडू अज्ञान असल्यामुळे बक्षिसाच्या रकमेबाबत आमच्यावर कोणतंही बंधन येत नाही, अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज मला एका ऑनलाइन गेमिंग स्पर्धेच्या आयोजकांकडून आला, त्याला आता वर्ष उलटून गेलं. तो मी अजून पुसलेला नाही. याच लोकांनी स्पर्धेआधी माझ्याकडून पालकाचं संमतीपत्र घेतलं होतं. माझं आधार, मुलाचं आधार, पासबुकाचं पहिलं पान, सगळं मागून घेतलं होतं. मुलगा अठराचा नाही हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं, म्हणून तर माझी सही लागली. खेळवून घेताना माझी सही चालली आणि पैसे द्यायच्या वेळी मुलगा अज्ञान निघाला.

मी इचलकरंजीत एका पतसंस्थेत नोकरीला आहे, वसुली विभागात. नवऱ्याचे माग आहेत, मजुरीवर कापड विणून देतो. आमच्याकडं त्याला खर्चीवाला म्हणतात. मुलगी नोकरीला पुण्यात. हा धाकटा. लॉकडाउनमध्ये शाळेसाठी फोन हातात आला आणि पुढं काय झालं ते घरोघरी माहीत आहे. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं पबजी बंद केली, 2021 च्या जुलैमध्ये तीच बीजीएमआय या नावानं परत आली, 28 जुलै 2022 ला ती पुन्हा प्ले स्टोअरवरून गेली आणि 2023 च्या मे अखेरीस पुन्हा सुरू झाली. दोन्ही वेळा ती गेली तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली होती.

परत आली ती नियम घेऊन आली. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीनच तास. म्हटलं, चला, घड्याळ तरी लागलं. पण मुलानं ते तीन तास असे वापरले की मला बोलायला जागा उरली नाही. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी सरावाचे सामने, त्याला ते स्क्रिम्स म्हणतात. एक सामना अर्ध्या तासाचा. ते संपले की फोन बाजूला, आणि वहीत लिहीत बसायचा: कुठं उतरलो, कुणी कुठून मारलं, वर्तुळ कुठं सरकलं. अकरावीच्या हिशेबाच्या वहीत एवढ्या रेघा नव्हत्या.

खेळ थोडक्यात सांगते, कारण माझ्या ऑफिसातल्या कुणालाच तो सांगता येत नाही आणि मत मात्र सगळ्यांना आहे. स्पर्धेत सोळा संघ, एका संघात चौघं. मोठ्या नकाशावर सगळे उतरतात, एक वर्तुळ हळूहळू आवळत जातं, बाहेर राहिला तो मेला. शेवटी उरेल त्या संघाला 10 गुण, दुसऱ्याला 6, मग 5, 4, 3, 2 आणि सातव्या-आठव्याला एकेक. शिवाय जितके विरोधी टिपले तितके गुण. माणसं मारायचा खेळ, मला तो आजही आवडत नाही. या आवृत्तीत रक्त हिरवं केलंय आणि मारलं म्हणायच्या ऐवजी फिनिश म्हणतात, त्यानं मला काही फरक पडत नाही.

आमचा मुलगा संघाचा आयजीएल. म्हणजे गोळी कमी झाडायची आणि चौघांनी कुठं जायचं, कधी थांबायचं हे ठरवायचं. बाकीचे तिघं नांदेडचा, भिलवाड्याचा आणि गुवाहाटीचा. एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेले नाहीत. घरात साधं दूध आणायला सांगितलं तरी चिडणारा पोरगा तिथं हिंदीतून शांतपणे सांगत असायचा, "रुको, अभी मत जाओ, पहले उन दोनों को लड़ने दो." हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

2024 च्या मे महिन्यात ती स्पर्धा झाली. वरच्या खोलीत उकाडा, खाली मागांचा खटखटाट. फोन तापला की खेळ अडखळतो म्हणून टेबलफॅन त्याच्या तोंडावर नाही, फोनवर लावलेला. अंगठ्यांना पातळ कापडाच्या टोप्या. लाइट गेली तर म्हणून इन्व्हर्टर आणि नेट गेलं तर म्हणून माझ्या फोनचा हॉटस्पॉट. शेवटच्या सामन्यात वर्तुळ दक्षिणेच्या बेटावर पडलं. बेटावर जायला पूल आहेत आणि पुलावर दबा धरून बसणारे असतातच. हा आधीच बोटीनं संघ घेऊन पलीकडं गेला होता. पुलावर बाकीचे संघ एकमेकांना कापत राहिले आणि हे चौघं डोंगराच्या आडोशाला बसून राहिले. जिंकले. पहिलं बक्षीस 60,000, चौघांत पंधरा-पंधरा हजार. कर कापून हातात 10,500 येतील असं त्यानं मला आधीच काढून दाखवलं होतं. त्यातून स्वतःचा चांगला हेडफोन आणि राहिलेले बाबांना.

इथून माझं काम सुरू झालं. आधी म्हणाले, कामकाजाचे पंधरा दिवस. मग, प्रायोजकाकडून पैसे यायचेत. मग, टीडीएस कापून भरलाय, उरलेले या आठवड्यात टाकतो. मी मुलाच्या पॅनवरून 26एएस, म्हणजे कापलेल्या कराचा उतारा, काढून बघितलं, तर त्यात एक नोंद नाही. भिलवाड्याच्या मुलाचं बघायला लावलं, त्याच्याही नाही. कर भरला हे चक्क खोटं होतं. थकबाकीदार खोटं बोलायला लागला की वसुलीतल्या माणसाला ते पहिल्याच वाक्यात कळतं. मलाही कळलं.

आमच्या कामाची एक रीत असते. आधी तोंडी तगादा, मग पत्र, मग जामीनदाराला पत्र, मग पोस्टानं वकिलाची नोटीस, आणि शेवटी सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला. या प्रत्येक पायरीला पत्ता लागतो. माणूस गाव सोडून पळाला तरी त्याचं घर असतं, भावकी असते, दारावर चिकटवायला दार असतं. इथं काय होतं? एक लोगो, एक इन्स्टाग्रामचं पान, एक ईमेल आणि डिस्कॉर्डवरची एक खोली, तिथं 'अॅडमिन' म्हणून कुणीतरी बोलायचं. अॅडमिनचं खरं नाव चौघांपैकी एकाही पोराला माहीत नव्हतं. संस्था नोंदलेली आहे का, हे शोधून बघितलं. त्या नावाचं काहीच सापडलं नाही. मुलांनी डिस्कॉर्डवर पैशांचं विचारलं तर चौघांनाही तिथून काढून टाकलं. मग मी ईमेलवर सविस्तर मराठी-इंग्रजी नोटीस लिहिली, संमतीपत्राची प्रत, निकालाचा तक्ता, सगळं जोडून. त्याला आलेलं उत्तर ते अज्ञानाचं.

आमच्या पॅनेलवरच्या वकिलांना दाखवलं. त्यांनी सांगितलं ते मला आधीच वाटत होतं. 1872 च्या करार कायद्यानं अज्ञानावर कराराचं ओझं टाकता येत नाही, हे खरं. पण ते संरक्षण अज्ञानासाठी आहे. त्यानं आपल्या वाट्याचं काम करून दिल्यावर समोरच्यानं त्याचे पैसे बुडवावेत म्हणून तो कायदा केलेला नाही. पोराचं रक्षण करायला जे लिहिलंय तेच पोराच्या खिशात हात घालायला वापरलं. मग दावा लावायचा? वकील म्हणाले, "लावू की. कुणावर?"

पोलीस ठाण्यातही गेले. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या खात्यातून पैसे गेलेत का?" गेले नव्हते, यायचे होते. न आलेल्या पैशांसाठी त्यांच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

तोवर मी बाकीच्या आयांना फोन केले होते. नांदेडच्या बाई म्हणाल्या, जाऊ दे ताई, अभ्यासाला लागेल आता. गुवाहाटीच्या बाईंशी हिंदीतून बोलणं झालं. त्यांनी मुलाला फोन घ्यायला सोनं गहाण टाकलं होतं. त्या रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत, नुसतं विचारलं, "आप तो बैंक में हैं ना, दीदी?" मी बँकेत नाही, पतसंस्थेत आहे, हे सांगायचं माझ्यानं झालं नाही.

खरं सांगायचं तर पैसे येत नाहीत हे दिसायला लागलं तेव्हा मला आधी बरंच वाटलं होतं. म्हटलं, आता सुटेल हा नाद. आणि त्याच आठवड्यात रात्री झोप लागेना एवढा संताप आला. दोन्ही खरं होतं, एका वेळी होतं.

नवऱ्याला मी काही सांगितलं नव्हतं. त्याच्या लेखी हे सगळं खूळ. पोरगा काय खेळतो हे त्यानं चार वर्षांत कधी विचारलं नाही. एकदा जेवताना मुलगा फोनवर म्हणाला, "भाई, पेमेंट अटका है." नवऱ्याचा घास हातात राहिला.

"कुणाचं पेमेंट अडकलंय?"

मी सांगितलं.

"पार्टी कुठली?"

माहीत नाही म्हटलं.

"ऑफिस कुठं हाय?"

तेही माहीत नाही.

मग तो मुलाकडं वळून बराच वेळ बोलत होता. किती सामने, किती तास, आधी काही लिहून घेतलं होतं का, जिंकल्याचं तोंडी सांगितलं की कागदावर. मुलगा उत्तरं देत होता आणि मी बघत होते. भिलवाड्याचा मुलगा म्हटल्यावर, "त्याचे वडील सूटिंगच्या कापडात असतील," असंही म्हणाला. ते नव्हते. व्यापारी कापड उचलतो, मजुरी दोन-दोन महिने देत नाही, मग कापडात डाग होता म्हणून कापतो, यात त्याचं आयुष्य गेलंय. लहान उद्योगाचं पेमेंट पंचेचाळीस दिवसांत केलं नाही तर व्यापाऱ्याला तो खर्च करात धरता येणार नाही, हा नियम त्याच वर्षी लागू झाला होता आणि गावात दुसरा विषय नव्हता. "आमाला निदान तेवढं तरी हाय. पोरांनी काम केलंय की. मग?" एवढं म्हणून तो उठला. ज्या गोष्टीला तो चार वर्षं खूळ म्हणत होता तिला त्यानं काम म्हटलं, ते पैसे बुडल्यावर. जिंकल्याचं कळलं असतं तर म्हटलं असतं का, मला शंका आहे.

माझ्या माहेरी जत्रेला कुस्तीचं मैदान असतं. कमिटी वर्गणी आधी गोळा करते, कुस्तीचं इनाम आधी पुकारलं जातं, आणि निकाल लागला की पैलवानाच्या हातात तिथंच, फडात, सगळ्या गावासमोर पडतं. इनाम पुकारून दिलं नाही तर कमिटीला गावात तोंड दाखवता येणार नाही. मुलाच्या या ई-स्पोर्ट्सला परदेशातली रिंगणं आहेत, 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भुजच्या तीर्थ मेहतानं हार्थस्टोन या गेममध्ये कांस्य आणलं, तेव्हा तो प्रदर्शनीय खेळ होता. पुढच्या वेळी हांगचौला पदकं मोजली गेली. डिसेंबर 2022 मध्ये आपल्या सरकारनंही ई-स्पोर्ट्सला क्रीडा खात्याखाली घेतलं. हे सगळं मुलानंच मला सांगितलंय, वादात, पुराव्यासारखं. सगळं कबूल. पण जत्रेच्या कमिटीला जे जमतं ते या आयोजकांना का जमत नाही? बक्षिसाची रक्कम स्पर्धेआधी बँकेत वेगळी ठेवा, पावती सगळ्यांना दाखवा, मग नोंदणी उघडा.

2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून खेळायचे गेम बंद, ई-स्पोर्ट्सला मान्यता. ऑफिसात लगेच विचारणा झाली, "तुमच्या पोराचा पण गेम गेला का?" रमीत बुडालेले कर्जदार माझ्या फायलींमध्ये आहेत. एकानं बायकोच्या नावावरचं कर्जही त्यात घातलं. त्यांच्या दारात मी गेलेली आहे आणि त्या कायद्याचं मला मनापासून समाधान आहे. पण माझ्या मुलानं एक रुपया लावला नव्हता. तो जिंकला होता, आणि त्याचेच पैसे गेले. पॅरिस ऑलिंपिकला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य जिंकलं तेव्हा ऑफिसातले हेच लोक म्हणाले होते, बंदूकच चालवायची तर खरी चालव म्हणावं. खऱ्या बंदुकीला किती पैसे लागतात आणि रेंज किती लांब असते हे त्यांनी एकदा बघून यावं. आमच्याकडं फोन होता, त्यानं फोनवर केलं.

पालकांनी नाही म्हणावं की हो, हे मी सांगणार नाही, माझंच ठरलेलं नाही. पण सही करायच्या आधी आयोजकाचं नोंदणीकृत नाव, पत्ता आणि पॅन लेखी मागा. देत नसतील तर मुलाला रडू द्या, पण खेळू देऊ नका.

पैसे आले नाहीत. येतील असं आता वाटत नाही. तो बारावी झाला, बी.कॉम.ला आहे, आणि अठरा पूर्ण झालेत. मागच्या महिन्यात एका संघानं त्याला करार पाठवलाय: महिन्याला मानधन, बूटकॅम्पला जाऊन राहायचं, बक्षिसात संस्थेचा वाटा. माझी सही आता लागत नाही, तरी वाचायला मलाच दिलं. मी वाचला. त्यानं काय काय करायचं नाही याची पानंच्या पानं आहेत. मानधन किती तारखेला आणि उशीर झाला तर काय, हे कुठंच नाही. ते कलम घालून आणल्याशिवाय सही करू नको म्हटलं. "आई, सगळे असंच साइन करतात, हे मागितलं तर दुसऱ्याला घेतील," म्हणून दोन दिवस बोलला नाही. काल त्यानं मॅनेजरला ते विचारलं. मेसेज पाठवायच्या आधी बाबांना वाचून दाखवला. त्यांनी त्यात 'व्याजासह' हा शब्द घालायला लावला. उत्तर अजून आलेलं नाही.