कुंभार्लीचा चढ आणि चार दिवे

कऱ्हाडाहून चिपळूणला उतरताना कुंभार्ली घाट आपला स्वभाव दाखवीत नाही. उतारावर माणूस काय नि गाडी काय, मुकाट्याने चालतात. खरी ओळख पटते ती परतीच्या वाटेवर. पोफळी मागे पडली, रस्ता सह्याद्रीच्या अंगावर चढू लागला, की गाडीच्या पोटातले सगळे बाहेर येते.

या डोंगराच्या पोटातही काही कमी नाही. वर शिवसागरात अडवलेले पाणी बोगद्यांतून पोफळीच्या बाजूला भूगर्भातल्या वीजगृहात कोसळते आणि पुढे वाशिष्ठीतून समुद्राकडे जाते. कोयनामाई स्वतः मात्र पूर्वेला वळून कऱ्हाडात कृष्णेच्या गळ्यात पडते. साऱ्या कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. अशा विजेच्या माहेरघरी आमच्या गाडीला मात्र विजेचा दुष्काळ पडे!

प्रकार असा. सपाटीवर गाडी गुणाची. पण घाटात दुसऱ्या गिअरात जोर लावून वळण घ्यावे, तो एकदम समोर चार दिवे लागत : बॅटरीचा लाल, इंजिनाचा पिवळा, ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा. एक्सलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन ढिम्म. मागे मालट्रक हॉर्न वाजवतो आहे, डाव्या हाताला दरी आहे. गाडी बाजूला घेऊन किल्ली फिरवून पुन्हा सुरू केली, की सगळे दिवे गुल आणि गाडी पूर्ववत!

कऱ्हाडातल्या एका गॅरेजात संगणक लावून पाहिले. त्याने एक्सलरेटरच्या पेडलकडे बोट दाखवले. हल्लीच्या गाड्यांत पेडलपासून इंजिनापर्यंत पूर्वीसारखी तार जात नाही. पेडलपाशी दोन सेन्सर असतात. दोघांची साक्ष जुळली नाही, तर गाडीचा संगणक जोर काढून घेतो आणि लंगडत घरी जाण्यापुरता ठेवतो. आम्ही नवे पेडल बसवले. गॅरेजवाल्याने हमरस्त्यावर सुसाट फिरवून दाखवली. पंधरा दिवसांनी कुंभार्लीत पुन्हा तेच चार दिवे!

त्या दिवशी मागच्या सीटवर आत्या होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कऱ्हाडला तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. आजूबाजूला धुके आणि चार वाजून गेलेले. मी गाडी हळूहळू उलट खाली उतरवून पोफळीअलीकडच्या एका मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी प्रथम ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, चार वस्तू एकाच क्षणी बिघडत नाहीत. चौघांचं मिळून एक काहीतरी बिघडलंय."

मीटरवर बॅटरी १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.२. म्हणजे उत्तम. इथे दुसरा कोणी थांबला असता. मिस्त्रींनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावले, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला. आकडा जवळजवळ शून्य. मग मला म्हणाले, "ब्रेक दाबून ठेवा, गिअर टाका, क्लच जरासा सोडा." इंजिन आपल्या जागी कलंडले आणि आकडा एकदम एकाच्या पुढे गेला.

इंजिन रबरावर बसलेले असते. त्यामुळे परतीच्या विजेसाठी इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये विणलेल्या तारांची एक पट्टी जोडतात. तिला अर्थिंग म्हणायचे. आमची पट्टी वरून धडधाकट दिसत होती. बोल्ट सोडला तर खाली हिरवा गंज, बहुतेक धागे तुटलेले. चढावर जोर आला की इंजिन कलंडे, उरलेले धागेही सुटत, सेन्सरांची साक्ष फिरे आणि बॅटरीला भरणा बंद होई. सपाटीवर इंजिन इतके कलंडतच नाही, मग हमरस्त्यावर हा रोग सापडणार कसा?

गाडी मी गुहागरच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. समुद्राचा खारा वारा ती आधीच खाऊन आली होती. मिस्त्री म्हणाले, "२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या बुडालेल्या गाड्या उघडल्या ना, तेव्हापासून मी आधी बोल्टाखाली बघतो." जाड केबलला दोन्हीकडे टोके ठोकून त्यांनी नवी पट्टी केली. पैसे घेतले ते पेडलच्या किमतीपुढे सांगायलाही लाज वाटावी इतके.

घाटात पुन्हा दुसरा गिअर टाकला. आत्याला एरवी समोरचा माणूस धड दिसत नाही; पण ती पुढे वाकून डॅशबोर्डकडेच बघत होती.

"अरे, लाल काही दिसत नाही मला," ती म्हणाली. "नाहीच आहे, की माझेच डोळे?"

"नाहीच आहे, आत्या."

आठाच्या सुमारास हेळवाक ओलांडले. सकाळी सातला तिला इस्पितळात हजर करायचे होते, ते केले.