न मोजलेला गठ्ठा

मोजून घेणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे, अशी माझी फार दिवस समजूत होती. वाणी देईल ती मोड मी तशीच खिशात टाकी, आणि या मोठेपणाचे मला मनातून कौतुकही वाटे.

२०१४ साली ते कौतुक संपले. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्याकडे आला. वर तांबड्या शाईने ‘४२’ लिहिले होते. मी ते वाचले आणि सही ठोकली. आत ४१ होत्या. एका मुलीची पत्रिका दिसेना, तेव्हा तिच्या नावापुढे मी खुशाल ‘गैरहजर’ लिहिले. पत्रिका दुसऱ्या गठ्ठ्यात सापडेपर्यंत तीन दिवस ती पोर घराबाहेर पडली नाही. मी क्षमा मागायला गेलो, तर तिचे वडील म्हणाले, “चालायचंच, सर.” ते शब्द मला अजून टोचतात.

त्याच उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीवर पनवेलला आला होता. तो संगणकाच्या कंपनीत नोकरीला. संध्याकाळी वडाळे तळ्याच्या काठी बसलो असता मी त्याला विचारले, “अरे, वर्तमानपत्रात गाजलं ते ‘हार्टब्लीड’ म्हणजे काय?”

त्याने सांगितले ते असे. ‘ओपनएसएसएल’ हा प्रोग्रॅम दोन संगणकांमधले बोलणे गुप्त लिपीत बांधतो. असंख्य संकेतस्थळांची भिस्त त्याच्यावर. बोलणे चालू असताना एक यंत्र मधूनच दुसऱ्याची चाहूल घेते : “मी म्हणतो ‘मका’, अक्षरे दोन, परत म्हण.” दुसरे म्हणते, “मका.” या चाहुलीला ते लोक हृदयाचा ठोका म्हणतात, त्यावरून चुकीचे ते नाव पडले. कारण एखाद्या लबाडाने ‘मका’ म्हणून अक्षरे हजारो सांगितली, तरी यंत्र मोजतच नव्हते. ‘मका’ म्हणून झाल्यावर स्मरणात शेजारी जे पडले असेल ते ते सांगत सुटे, एका खेपेला ६४ किलोबाइटपर्यंत. त्यात लोकांचे पासवर्ड असू शकत, प्रसंगी गुप्त लिपीची किल्लीसुद्धा. आणि चोरीचा माग सहसा राहत नसे.

ही चूक प्रोग्रॅममध्ये शिरली ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री. एकाने लिहिले, दुसऱ्याने तपासले; दोघांच्याही नजरेतून ती निसटली. मार्च २०१२ मध्ये ती जगभर गेली. गूगलचे नील मेहता आणि फिनलंडमधल्या कोडेनोमिकॉनचे अभियंते यांनी ती स्वतंत्रपणे शोधली, आणि ७ एप्रिल २०१४ ला ती जाहीर झाली. दुरुस्ती एवढीच : आधी मोज, आकडा जुळत नसेल तर गप्प राहा.

“एवढ्या मोठ्या कामाला माणसं किती?”

“पूर्ण वेळ एक, सर. आणि देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर.”

मी तळ्याकडे पाहत राहिलो. साऱ्या जगाने वरचा आकडा वाचून सही ठोकली होती, अगदी माझ्यासारखीच.

हल्ली गठ्ठा आला की मी तो सोडून मोजतो. घेऊन येणारा तरुण शिक्षक कधी दुखावून म्हणतो, “सर, मी मोजल्यात.”

“असतीलच मोजल्या,” मी म्हणतो, आणि पुन्हा एकपासून सुरुवात करतो.