हजेरीपटाबाहेरची पलटण

पानिपत म्हटलं की आपल्याला माणसं आठवतात. भाऊसाहेब, विश्वासराव, जनकोजी, बुराडी घाटावर पडलेला दत्ताजी. पलटण आठवत नाही. खरं तर १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांच्या डाव्या बगलेवर उभं असलेलं पायदळ त्या काळच्या हिंदुस्थानातलं अव्वल पायदळ होतं. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली कवायत शिकून आलेला इब्राहिमखान गारदी आणि त्याच्या नऊ पलटणी, म्हणजे चकमकीच्या बंदुका घेतलेले सुमारे नऊ हजार गारदी शिपाई. शुजाउद्दौलाच्या चाकरीतला काशिराज पंडित त्या दिवसाचं वर्णन करतो, त्यातला एक प्रसंग फार बोलका आहे. लढाईच्या तोंडी इब्राहिमखान घोड्यावरून भाऊंपुढे आला, मुजरा केला आणि शिपायांच्या पगाराचाच विषय काढला. दरमहा रोख पगारासाठी मी हटून बसायचो म्हणून आपली माझ्यावर नाराजी होती, या महिन्याचा पगार तर मिळालेलाच नाही, पण इतके दिवस तो आम्ही फुकट खाल्ला नाही हे आज दाखवतो, असा त्याच्या बोलण्याचा मतलब. मग त्याने एक निशाण स्वतःच्या हातात घेतलं, गोळीबार थांबवला आणि संगिनी चढवून सात पलटणी रोहिल्यांवर घातल्या. उरलेल्या दोन बगल सांभाळायला तिरप्या ठेवल्या. रोहिल्यांची फळी विस्कटली. त्यात गारद्यांच्याही सहा पलटणी जवळजवळ संपल्या. जखमी इब्राहिमखान पकडला गेला आणि कैदेतच मेला.

ते निशाण कोणत्या रंगाचं होतं, त्यावर काय काढलं होतं, हे काशिराज सांगत नाही. मराठी कागदांनाही त्याची फिकीर नाही. उलट, त्यानंतर सातच वर्षांनी, ऑगस्ट १७६८ मध्ये, मुंबईला कंपनी सरकारने शिपायांची एक पलटण उभी केली. तीच आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, म्हणजे ‘जंगी पलटण’. तिच्या रेजिमेंटचा बिल्ला जवळून पाहावा. त्यावर बिगुल आहे, कारण हलकं पायदळ विखरून पुढे जातं आणि हुकूम त्याला आवाजाने गाठतो. पण या बिगुलाला एक पत्ताही आहे. बलुचिस्तानातल्या काहानच्या गढीत १८४० साली मुंबईच्या पाचव्या पलटणीने मर्री टोळ्यांचा वेढा महिनोन्‌महिने सोसला आणि दुसऱ्या वर्षी तिला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला. तीच आजची ‘काळी पाचवी’. बिगुलाच्या जोडीला ढाल आणि आडव्या तलवारी शिवकाळाची आठवण देतात, वर अशोकस्तंभाचे सिंह प्रजासत्ताकाचे. एवढ्याशा धातूत तीन राजवटी मांडीला मांडी लावून बसल्या आहेत, आणि बेळगावच्या केंद्रात भरती झालेल्या कोवळ्या पोराला त्या तिन्ही आपल्याच वाटतात.

माझं म्हणणं असं की गारद्यांकडे शौर्य होतं, कवायत होती, तोफा होत्या. नव्हता तो हजेरीपट. सरदार पडला तरी पलटण उरते, माणसं बदलली तरी क्रमांक चालू राहतो, ही व्यवस्था पेशवाईने उभी केली नाही. म्हणून इब्राहिमखान गेला त्या दिवशी त्याच्या पलटणींचा भूतकाळही गेला. हार झाली म्हणून त्या विसरल्या गेल्या, हे कारण पुरत नाही. १९१६ च्या एप्रिलात मेसोपोटेमियातल्या कूत-अल-अमारा इथे उपाशी ब्रिटिश-हिंदी फौजेने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. तीत मराठ्यांच्या पलटणी होत्या. तरीही कूत हा त्यांच्या रणसन्मानांत आहे, आणि तिथे झिजलेल्या ११७ व्या मराठा पलटणीला १९२१ साली ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. नोंद ठेवणारं कुणी असलं तर शरणागतीलाही मानाचं पान मिळतं. तीच रेजिमेंट दर ४ फेब्रुवारीला ‘मराठा दिन’ पाळते, तो १६७० च्या कोंढाण्याचा, स्वतःच्या जन्माच्या ९८ वर्षं आधीचा. म्हणजे जन्माआधीचा वारसाही उचलता येतो. १६७० उचललं गेलं, १७६१ तसंच राहिलं.

यावर कुणी म्हणेल, गारदी भाडोत्री होते, त्यांचं कसलं कौतुक? पगारासाठी लढणं हा दोष असेल तर १७६८ चा मुंबईचा शिपाईही त्यातून सुटत नाही. त्या पलटणीच्या नावात ‘मराठा’ हा शब्द यायला १९०३ साल उजाडावं लागलं. रेजिमेंट रक्ताने एक होत नाही, हजेरीने होते. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: कंपनीची ही चोख व्यवस्था परक्या राज्यासाठी होती आणि तिच्याच जोरावर पेशवाई बुडाली. हे खरंच आहे, आणि ते झाकून बिल्ल्याचं कौतुक करणं बरं नव्हे. पण त्यामुळे प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण आपल्या बाजूने त्याच काळात काय घडलं? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात सुमेरसिंग आणि त्याच्या गारद्यांनी नारायणरावांना मारलं. मराठी मनात गारदी उरला तो हाच. पानिपतावर बिनपगारी संगीन चालवणारा शिपाई आणि वाड्यातला मारेकरी एकाच नावाखाली गाडले गेले. दोघांना वेगळं करील असा क्रमांक, बिल्ला, वही काहीच नव्हतं.

महादजी शिंद्यांनी पानिपतचा धडा घेतला, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पायाला जखम घेऊन त्या मैदानातून वाचलेल्या या माणसाने पुढे युरोपीय सेनानी द ब्वाञकडून कवायती कंपू उभे करून घेतले, आणि ते उत्तर हिंदुस्थानात दरारा बसवणारे ठरले. पण त्यांचाही जीव सेनापतीत अडकलेला. १८०३ साली शिंद्यांची नोकरी सोडा असा इंग्रजांचा जाहीरनामा निघाला आणि कंपूंचे गोरे अधिकारी पटापट निघून गेले. १ नोव्हेंबरला लासवारीच्या लढाईत शिपाई तोफांपाशी कापले जाईपर्यंत हटले नाहीत, याची ग्वाही द्यायला इंग्रज सेनापती लॉर्ड लेकची पत्रं उरली. त्याच वर्षी शिंद्यांचा सेनापती पेरन याच्या नोकरीतून सुटलेला जेम्स स्किनर लेककडे गेला. शिंद्यांची चाकरी सोडून आलेल्या स्वारांनीच त्याला आपला म्होरक्या निवडलं. घोडदळ झालं तरी माणसं शिंद्यांच्या फौजेतलीच. ‘स्किनर्स हॉर्स’ या नावाने ते दल आजही भारतीय सैन्यात आहे.