तासांची जुळवाजुळव

डायलिसिसवरच्या बाईची पाळी चुकली तर त्याचं कुणालाच काही वाटत नाही. किडन्या निकामी झाल्या की संप्रेरकांचा मेळ बिघडतो. पाळी महिनोन्‌महिने येत नाही. उलट्या तर युरिया वाढला की होतातच. त्यामुळे आमच्या सेंटरमध्ये ही गोष्ट आधी कळली ती वजनकाट्यावर. एका तरुण पेशंटचं वजन ‘ड्राय वेट’ला, म्हणजे जादा पाणी काढल्यावरच्या ठरलेल्या वजनाला, येईना. पायांवर सूज नाही, दम नाही, आणि जास्त पाणी काढायला गेलं की बीपी खाली. मी टेक्निशियन; मला वाटलं, पोरीची भूक सुधारली असेल, अंगी लागत असेल. तसं आमच्या किडनीतज्ज्ञ सरांच्या कानावर घातलं. त्यांनी वजन वाढवून द्यायच्या आधी सोनोग्राफी सांगितली. किडनीच्या पेशंटमध्ये गर्भ नसतानाही रक्तातलं बीटा एचसीजी थोडं वाढलेलं असू शकतं, म्हणून नुसत्या त्या रिपोर्टवर विसंबता येत नाही. आणि घरच्या पट्टीवर तपासायचं तर लघवी हवी ना! सोनोग्राफीत चौदा आठवड्यांचं बाळ दिसलं.

नवरा तिला किडनी द्यायला तयार होता, तपासण्या सुरू होत्या. आधी प्रत्यारोपण, मग निदान वर्षभर सगळं स्थिर राहिलं तर मूल, असा डॉक्टरांचा नेहमीचा सल्ला. इथे क्रमच उलटा झाला. शिवाय गरोदरपणात आईच्या रक्तात बाळाच्या बापाकडून आलेल्या अंशाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, आणि मग त्याच बापाची किडनी तिला चालेनाशी होते. सरांनी यातलं काहीच झाकून ठेवलं नाही. गर्भपाताचा पर्यायही सांगितला. सासूबाई म्हणाल्या, “नातवंडाचं नंतर बघू डॉक्टर, मला सून पायजे.” ती मात्र म्हणाली, शुक्रवारी सांगते. शुक्रवारी तिचं पुढचं डायलिसिस होतं. आली, वजन केलं, खुर्चीत बसली आणि हात पुढे करत म्हणाली, “ठेवायचं.”

डायलिसिसवरच्या बाईनं पूर्ण दिवसांचं मूल जन्माला घातल्याची पहिली नोंद इटलीतली, १९७१ सालची. त्यानंतर कितीतरी वर्षं अशा गर्भांपैकी बरेचसे हाती लागत नसत. सरांनी आम्हा स्टाफला २०१४ सालचा एक अभ्यास समजावून सांगितला, कॅनडातल्या टोरांटोच्या आणि अमेरिकेतल्या पेशंटचा. आठवड्याला २० तास किंवा त्याहून कमी डायलिसिस झालेल्या बायकांमध्ये सुमारे ४८ टक्के बाळं जिवंत जन्मली. ३६ तासांहून जास्त झालेल्यांमध्ये ८५ टक्के. इथे औषध म्हणजे तास. आणि आमच्याकडे नेमका त्याचाच दुष्काळ. तिला तोवर आठवड्याला बारा तास मिळत होते, चार-चार तासांचे तीन.

पुस्तकात ‘डायलिसिस वाढवा’ एवढे दोनच शब्द असतात. आमच्या सेंटरमध्ये सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन शिफ्ट, सगळी मशीन भरलेली, वर वेटिंग. तिला आणखी तीन दिवस द्यायचे तर कुणाच्या खुर्चीवरचे द्यायचे? कुणाला उठवायचं नाही, हे सरांनी आधीच सांगून टाकलं. मग रात्री नऊची चौथी शिफ्ट निघाली, फक्त तिच्यासाठी. म्हणजे पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट रात्रभर चालू, एक टेक्निशियन, एक नर्स, आणि बोलावलं की पोचेल असा डॉक्टर. सरकारी योजनेचा हिशेब नेहमीच्या पेशंटसाठी बसवलेला. वरच्या डायलिसिसचा खर्च काही आमच्या ट्रस्टनं उचलला, काही नवऱ्यानं उसनवारीवर भागवला. रात्री गावाला जायला एसटी नाही, म्हणून दवाखान्यामागं खोली घेतली. अशी जुळवाजुळव करून आठवड्याला चोवीस तास झाले. छत्तीस नाहीत. पण बाराही नाहीत.

मग सुरू झाली खाण्याची गंमत. आमच्या पेशंटना केळं नको, नारळपाणी नको, दूध मोजून, पालेभाजी उकळून पाणी फेकून. हिचं रक्त रोज धुतलं जाणार म्हटल्यावर पोटॅशियम, फॉस्फरस, जीवनसत्त्वं सगळंच वाहून जायला लागलं. फॉस्फरस कमी करायच्या गोळ्या बंद झाल्या, डायलिसिसच्या पाण्यातलं पोटॅशियम वाढवलं, फॉलिक ॲसिड वाढवलं, आणि आहारतज्ज्ञ म्हणाल्या, दूध, अंडी, डाळ पोटभर खा. शेजारच्या खुर्चीवरचे एक काका दर वेळी तिच्या डब्यात डोकावायचे. “सिस्टर, आम्ही काय पाप केलंय?” मी म्हटलं, “काका, तुम्हीपण रोज या की!” त्यावर गप्प.

मला धास्ती होती ती पाण्याची. एरवी वजन वाढलं की ते पाणी, काढून टाकायचं, सरळ हिशेब. इथे वजनात बाळही होतं, वार होती, वाढलेलं रक्तही होतं. जास्त ओढलं तर बीपी पडून वारेचा रक्तपुरवठा कमी होणार; कमी ओढलं तर बीपी चढणार. चौथ्या महिन्यापासून ड्राय वेट आठवड्याला तीनशे ते पाचशे ग्रॅम वाढवत नेलं. तिला डाव्या कुशीवर निजवायचं आणि थोडं-थोडं पाणी काढायचं. बीपीची जुनी गोळी बाळाला घातक, ती पहिल्याच दिवशी थांबवून लॅबेटालॉल दिलं. हिमोग्लोबिन घसरलं तेव्हा एरिथ्रोपोएटिनचा डोस दुपटीच्या वर गेला, शिरेतून लोह दिलं. बाहेरचं रक्त होता होईतो टाळलं, कारण त्यानंही प्रतिपिंडं वाढतात. हातावरच्या फिस्टुल्यात, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या शिरेत, आठवड्याला सहा दिवस दोन-दोन सुया. त्या हाताकडे बघवत नसे, पण तिनं कधी हात मागे घेतला नाही.

सहाव्या महिन्यात गर्भजल वाढलं. आईच्या रक्तातला युरिया वारेतून बाळाकडे जातो, बाळाच्या चांगल्या किडन्या तो बाहेर टाकताना लघवी वाढवतात, आणि तीच गर्भजलात भर घालते. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी सोनोग्राफीत मोजलं आणि आमच्याकडे तास वाढवून मागितले. आम्ही रात्रीच्या चार तासांचे पाच केले. पुढच्या तपासणीत पाणी उतरलेलं होतं. सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहून मशीनची वेळ बदलायची, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं.

चौतिसाव्या आठवड्यात बीपी आवरेना. अशा पेशंटमध्ये हा गरोदरपणातला विषार की जुनाच रक्तदाब, हे ओळखणं अवघड. लघवीतलं प्रथिन तपासायची सोयच नसते. मॅडमनी वाट पाहिली नाही. आदल्या संध्याकाळी रक्त गोठू न देणारं हेपॅरिन न देता डायलिसिस केलं, सकाळी सिझेरियन. मुलगी, एक किलो आठशे ग्रॅम, जन्मताच रडली. तिला एनआयसीयूत ठेवलं. जन्मताना तिच्या रक्तातला युरिया आईच्याइतकाच होता. तो बाहेर टाकण्यासाठी अशी बाळं पहिले काही दिवस भरपूर लघवी करतात, म्हणून नर्स लंगोट वजन करून बदलत होत्या, अंगातलं पाणी कमी पडू नये यासाठी. तो आकडा आमच्या सेंटरमध्ये फोनवरून कळायचा आणि खुर्च्या-खुर्च्यांवर पोचायचा. वर्षानुवर्षं ज्यांना लघवी नाही अशी माणसं त्या आकड्यावर खूश होत होती. काका तर दर शिफ्टला विचारायचे, “आज किती?”

चौथी शिफ्ट बंद झाली. ट्रस्टच्या मीटिंगमध्ये ती पुन्हा सुरू करावी असं मी लिहून दिलंय, कारण वेटिंग आहेच. बाळाची आई पुन्हा सोमवार-बुधवार-शुक्रवारवर आली. केळं बंद, गोळ्या चालू. प्रतिपिंडांची तपासणी झाली, थोडी वाढलेली निघाली. नवऱ्याशी क्रॉसमॅच पुढच्या महिन्यात करायचाय.