तानसाच्या वाटेवर

मुंबईकराच्या घरी तानसा रोज सकाळी येते. पण तानसाच्या घरी जाणारा मुंबईकर विरळा! आमचेही तसेच. साठ-पासष्ट वर्षे तिचे पाणी प्यालो आणि अखेर गेल्या वैशाखात, नातवाच्या हट्टापायी, आटगाव स्टेशनावर उतरून तिकडे निघालो.

माहुलीचे सुळके, पाने झडलेला साग आणि मुंबईची वाट धरलेले ते अजस्र नळ! विहार आणि तुळशी अपुरे पडू लागले म्हणून शहराने इथवर हात लांबवला. हे दगडी धरण १८९२ साली पुरे झाले, व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन उद्घाटनाला आले, वगैरे माहिती मी नातवाला मोठ्या ऐटीत सांगितली. पुढे वैतरणा आणि भातसा यांचे पाणीही याच शहापूर तालुक्यातून मुंबईला निघाले. एवढे असून इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ती अशी!

वाटेत एक कातकरी म्हातारी पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसली होती. नातवाने दोन द्रोण घेतले, नोट दिली. ती सुटे पैसे परत करू लागली, तोच माझ्या तोंडून निघून गेले, "बाळ, नीट मोजून घे हो!"

म्हातारी रागावली नाही. हसून म्हणाली, "मोजा शेठ, मोजा. मोजणं तुमचंच."

करवंद माझ्या तोंडातच राहिले.

कल्याणजवळ माझ्या एका मामांची वीटभट्टी होती. १९७१ सालच्या मे महिन्यात, बारा वर्षांचा असताना, मी सुट्टीत तिथे वही लिहायला बसत असे. माझे गणित चांगले, अक्षर वळणदार. पावसाळ्यात घरात दाणा नसताना कातकरी कुटुंबे उचल घेत, दिवाळी झाली की बायकापोरांसह भट्टीवर येत, आठवड्याला खावटी मिळे आणि हंगामाच्या शेवटी हिशेब होई. विटांची मजुरी एका बाजूला, उचल नि खावटी दुसऱ्या बाजूला. बाकी नेहमी त्यांच्याच अंगावर निघे आणि ती पुढच्या सालाच्या पानावर जाई. बाकीबरोबर माणूसही जाई.

एकदा एक गडी आणि त्याची बायको माझ्यापुढे उकिडवी बसली. त्याने विचारले, "भाऊ, फिटलं का?" मामांनी आकडा सांगितला होता. मी वहीत न बघताच म्हणालो, "अजून नाही." ती दोघे उठून गेली. मामांनी मला शाबासकी दिली, संध्याकाळी पेढाही दिला.

आमच्या घरी कातकरी दारावरून गेला की ओट्यावरची भांडी आत घेत. ब्रिटिश अमलात या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्यात आला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आमच्या ओट्यावरचा मात्र झाला नाही. चोर कोण हे आम्ही आधीच ठरवून टाकले होते, म्हणून वही कोणी तपासली नाही. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. तरी आजही दिवाळीनंतर या भागातून माणसांनी भरलेल्या गाड्या भट्ट्यांकडे जातात, आणि पाड्यावरच्या शाळेतली काही मुलेही त्याच गाडीत असतात.

हे सारे परतीच्या लोकलमध्ये मी नातवाला सांगितले. एरवी आपली फजिती आपण नातवंडांना सांगत नाही. पण त्या दिवशी सांगितल्यावाचून राहवले नाही. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "आजोबा, त्यांचे पैसे खरंच फिटले नव्हते?"

"माहीत नाही रे," मी म्हणालो. "मी बेरीज केलीच नव्हती."

घरी आलो. नातवाने हात धुवायला नळ सोडला. तानसा धो धो आली. मी नकळत उठून तो नळ थोडा बारीक केला. त्याने काय फिटणार होते, कोण जाणे!