चिठ्ठीवांचून औषध नाहीं

सन २०२१ च्या एप्रिल महिन्यांत करोनाची दुसरी लाट ऐन भरांत असतां आमच्या थोरल्या बंधूंस ताप भरला. त्यांस मधुमेह पुष्कळ वर्षांचा. त्यामुळें घरांत घबराट झाली. त्याच सुमारास एका स्नेह्यानें आमच्या फोनवर गोळ्यांची एक यादी पाठविली. तींत डेक्सामेथासोनचें नांव होतें. यादीखालीं कोणा डॉक्टरची सही नव्हती, पण त्या घाईंत सही कोण पाहतो! आम्ही ती घेऊन तसेच जिंतुरांतील एका औषधांच्या दुकानीं गेलों.

दुकानापुढें दोरी बांधलेली आणि मुखपट्ट्या लावलेलीं माणसें अंतरानें उभीं. आंत आमचाच एक जुना विद्यार्थी. (रसायनशास्त्राच्या तासाला हा शेवटच्या बांकावर बसत असे, हें सहज आठवलें.) त्यानें यादी वाचून विचारलें, "सर, औषध कोणाला? तापाचा कितवा दिवस? दम लागतो का? शुगर आहे का?" आम्ही उत्तरें दिलीं. तो म्हणाला, "मग ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून मी देणार नाहीं."

आम्हांस राग आला. चारचौघांदेखत आम्ही बोललों, "अरे, तुला आम्ही शिकविलें, आणि तूं आम्हांस शिकवितोस?"

तो शांतच राहिला. ही गोळी शरीराची रोगाशीं झुंजण्याची शक्ति दाबते, रक्तांतील साखर वाढविते, असें त्यानें सांगितलें. त्यानें पॅरासिटामॉल दिलें, आणि बाजारांत मिळेनासा झालेला ऑक्सिमीटर स्वतःच्या खणांतून काढून आमच्या हातीं ठेविला. "दर चार तासांनीं पहा, सर. आंकडा ९४ च्या खालीं आला कीं वाट पाहूं नका. दादांना परभणीला न्या."

चौथ्या रात्रीं आंकडा ९१ दिसला. पहांटेच आम्ही परभणी गांठली. तेथें प्राणवायु लावण्यांत आला, आणि डॉक्टरांनीं जें औषध सुरू केलें तें डेक्सामेथासोनच! मात्र दिवसांतून अनेक वेळां साखर तपाशीत आणि इन्सुलिन देत. पुढें आम्ही वाचलें कीं, २०२० च्या जून महिन्यांतच ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं हें दाखविलें होतें: प्राणवायु लागणाऱ्या रोग्यांचे मृत्यु या औषधानें घटतात, इतरांस कांहीं लाभ नाहीं. त्याच उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत मधुमेही रोग्यांना काळ्या बुरशीनें गांठलें. त्याचें एक कारण स्टेरॉइडचा अविचारी वापर हें होतें.

विद्यार्थ्यांस कदाचित् ठाऊक नसेल, पण १९४८ च्या फार्मसी कायद्यान्वयें औषध देणाऱ्यानें त्याचें शिक्षण घेऊन नांव नोंदविलेलें असावें लागतें. भिंतीवर टांगलेलें तें प्रमाणपत्र आम्हीही तोंवर कधीं वाचलें नव्हतें.

बंधु बरे होऊन घरीं आले. ऑक्सिमीटर परत द्यावयास गेलों, तेव्हां त्यानें तो स्पिरिटनें पुसून लगेच एका म्हाताऱ्या बाईंच्या हातीं दिला. त्या दिवशींच्या बोलण्याबद्दल क्षमा मागावी असें मनांत होतें. पण मागें रांगेंत सहा माणसें ताटकळत उभीं होतीं. म्हणून तें राहिलें, तें आजवर राहिलेंच आहे.